काळ्या पडद्यावरची हजेरी

माझे धाकटे दीर आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त करत राहिले, पण स्वतःच्या मनगटावर त्यांनी कधी घड्याळ बांधलं नाही. कुणी टोकलं तर म्हणायचे, "न्हावी स्वतःच्या डोक्याचे केस स्वतः कापतो का?" हे उत्तर कुणालाच पटायचं नाही, पण त्यावर पुढे बोलताही यायचं नाही. गल्लीत त्यांना सगळे घड्याळवाले म्हणत. मी भाऊजी म्हणे, आणि ते मला वहिनी.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. तिन्ही भिंतींवर घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. भाऊजी ती मुद्दाम जुळवत नसत, सगळी एकदम वाजली तर कान फुटतील म्हणायचे. डोळ्याला भिंग लावून खाली वाकले की बोलणं संपलं असं समजायचं. काम झालं की भिंग कपाळावर चढे आणि तोंड सुटे. "बाई, तुमच्या घड्याळाला काही झालेलं नाही. तुम्ही त्याला किल्लीच देत नाही. नवऱ्याला तरी वेळेवर जेवायला घालता ना?" बायका हसत आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच येत.

घर आमचं दोन मजली. खाली मी, वर ते. जाऊबाई लवकर गेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा शाळेतून आला की दप्तर माझ्याकडे टाकायचा आणि माझा रेडिओ उघडून बसायचा. दिसेल त्या यंत्रात बोट घालायची खोड, म्हणून सगळे त्याला किडा म्हणत. शाळेच्या दाखल्यावरचं नाव शाळेलाच काय ते ठाऊक. पुढे तो मालवाहू जहाजांवर विजेची कामं बघायला लागला. वर्षातला बराच काळ समुद्रावर, मधे काही आठवडे घरी. घरी असला तरी दार लावून आपल्या खोलीत. टेबलाखाली एक करडं खोकं, वर काळा पडदा. त्या पडद्यावर ना चित्र, ना बाण. नुसती एक पांढरी रेघ, उघडझाप करणारी. तिच्यापुढे इंग्रजी अक्षरं लिहून हुकूम द्यायचा, म्हणजे ते यंत्र काम करतं, असं त्याने मला एकदा समजावलं होतं. मी म्हटलं, "माउस कुठे आहे रे?" तर म्हणाला, "काकू, ज्याला बोलता येतं त्याने बोटं कशाला दाखवायची?"

शेवटच्या खेपेला निघताना त्याने बापाला एक काम नेमून दिलं. रोज संध्याकाळी खुर्चीत बसायचं, आपलं नाव म्हणून 'बाबा' लिहायचं, त्याने ठरवून दिलेला परवलीचा शब्द लिहायचा, आणि लगेच 'एक्झिट' लिहून बाहेर पडायचं.

"याने काय होतं?" भाऊजींनी विचारलं.

"मशीन चालू राहतं. नाही केलं तर बिघडतं."

"म्हणजे यालाही किल्ली द्यावी लागते तर."

"तसंच समजा, बाबा. पण चुकवू नका हं."

भाऊजींनी एकही दिवस चुकवला नाही. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं कळफलक मेला. मग ते सरावले. डोळे मिटून सुईत दोरा ओवावा तसे एका बोटाने एकेक अक्षर दाबायचे आणि आत शिरले की हळूच "जमलं" म्हणायचे. एक्झिट लिहायचे, दिवा घालवायचे, जेवायला खाली यायचे.

आणि मग किड्याचे फोन बंद झाले.

कंपनीने एवढंच कळवलं, की एका बंदरात तो जहाजावरून उतरला आणि परत चढला नाही. त्याहून अधिक त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. भाऊजींनी पोलिसांचे उंबरठे झिजवले, बंदराच्या कार्यालयाला माझ्याकडून इंग्रजीत पत्रं लिहून घेतली. उत्तरं आली ती सगळी सभ्य आणि पोकळ. वर्ष होत आलं. त्यांचं तोंड दुकानातही बंद झालं. भिंग कपाळावर चढलं तरी ते बोलेनात. मुलगा आहे की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात उरला होता, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

एक दिवस ते खाली आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही नन्सच्या शाळेतल्या. तुम्हाला इंग्रजी येतं, टायपिंग येतं. मला ते यंत्र शिकायचंय."

"या वयात?"

"तो तोंडाने कधी काही सांगायचा नाही. जे काही असेल ते त्याने यंत्रातच ठेवलं असणार."

पलीकडच्या रस्त्यावर एक बाई कॉम्प्युटरचे क्लास घ्यायच्या. पन्नाशीच्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांना आम्ही घरी बोलावलं. जिना चढून आल्या, पाणी प्यायल्या, पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अरे वा, मुलगा पक्का आहे हो तुमचा. आजकाल या वाटेला कोण जातंय? हे बघा काका, ही अंधारी खोली आहे असं समजायचं. दिवा नाही. आधी विचारायचं, मी कुठे आहे. मग विचारायचं, इथे काय काय आहे. मग पाऊल टाकायचं."

मी कुठे आहे याचा एक हुकूम, इथे काय आहे याचा दुसरा, दुसऱ्या कप्प्यात जायचा तिसरा. सगळे दोनतीन अक्षरांचे. लिहायची मी, कारण माझी दहाही बोटं अजून चालतात. पण बोलायचे भाऊजी. एखादं अक्षर चुकलं की यंत्र इंग्रजीत एक ओळ फेकायचं.

"काय म्हणते ही बया?"

"म्हणते, असला हुकूम मला माहीत नाही."

"तुमची जाऊ हेच म्हणायची."

बऱ्याच दिवसांनी ते काहीतरी विनोदाचं बोलले होते. मला बरं वाटलं.

"आणि बरोबर लिहिलं तर काय म्हणते?" त्यांनी बाईंना विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"काम नीट झालं की हे यंत्र गप्प बसतं, काका. चुकलात तरच बोलतं. नवशिक्यांना पहिल्यांदा याचीच भीती वाटते. हुकूम दिला, समोर काहीच नाही, नुसती रेघ लुकलुकतेय. मग ते पुन्हा देतात, पुन्हा देतात, आणि घोटाळा करून ठेवतात. शांतता म्हणजे झालं, एवढं लक्षात ठेवा."

मला ते वाक्य आवडलं नाही. वर्षभर त्या घरात शांतताच होती.

किड्याच्या कप्प्यांत आम्ही हिंडलो. तारांचे नकाशे, जहाजांच्या विजेची गणितं, एका कप्प्यात आईच्या नावाचा एकच फोटो, तोही यंत्राला दाखवता येईना. निरोप असा कुठेच नाही. भाऊजी रोज म्हणायचे, "अजून एक खोली बघू." दुपारी दुकान बंद करून यायचे आणि आम्ही दोघं त्या खुर्च्यांत बसायचो. गल्ली त्या वेळी निपचित असते. दुकानांची अर्धी शटरं खाली, कुत्रीसुद्धा सावलीत पाय ताणून पडलेली.

अशाच एका दुपारी बाईंनी शिकवलेला नवा हुकूम मी लिहून पाहिला. 'हू'. आत्ता या यंत्रात कोण कोण आहे, असं विचारायचं. उत्तर एका ओळीचं यायला हवं होतं, भाऊजींचं नाव. दोन ओळी आल्या.

"दुसरं कोण?" भाऊजी म्हणाले.

मी चष्मा पुसला. मग मोठ्याने वाचलं, कारण त्यांना थांबवत नव्हतं. "किडा."

भाऊजींनी वळून दाराकडे पाहिलं. मग ते खुर्चीवरून उतरले, गुडघे टेकले आणि त्याच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे एक जुनी बॅग होती आणि धूळ.

मी हुकूम पुन्हा दिला. एकच ओळ आली. आम्ही दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आम्ही टपून बसलो. तो आला. नावापुढे आकडे आणि टिंबं, आणि बघता बघता ओळ नाहीशी. तिसऱ्या दिवशीही आला. क्लासच्या बाई म्हणाल्या, हे आकडे परदेशातले आहेत, तिथून कुणीतरी त्याच्या नावाने या यंत्राचं दार उघडून आत येतंय. घर कुठलं ते यावरून कळत नाही. पण किल्ली त्याचीच आहे.

भाऊजींना पालवी फुटली. दुकानात तोंड पुन्हा सुरू झालं. बेकरीवाल्याला त्यांनी सांगून टाकलं, "मुलगा येतो हो. रोज दुपारी."

"हो? दिसला नाही कधी."

"दिसत नाही. पण येतो."

बेकरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी पावाच्या टोपलीकडे. सुटे पैसे मोजताना त्याचा हात थोडा थांबला. घरी येताना मी म्हटलं, "भाऊजी, लोकांना असं अर्धवट सांगू नका." तर म्हणाले, "अर्धवटच तर आहे, वहिनी. पुरतं असतं तर पेपरात दिलं असतं."

त्याच्याशी बोलायचं ठरलं. आत असलेल्या माणसाच्या पडद्यावर थेट ओळ पाठवायचाही एक हुकूम असतो. पण किडा येऊन जाई तो पापणी लवण्याइतक्या वेळात. भाऊजींच्या एका बोटाचं ते काम नव्हतं. मी आधीच बोटं ठेवून बसले, आणि ओळ दिसताक्षणी रोमन अक्षरांत लिहिलं, "किड्या, बाबा इथे आहेत. तू कुठे आहेस?" आणि बटण दाबलं.

यंत्र काही बोललं नाही.

"गेलं का?" भाऊजींनी विचारलं.

"गप्प आहे. म्हणजे गेलं असावं."

"मग तो का गप्प आहे?"

आम्ही रोज लिहीत राहिलो. रोज ती ओळ त्या काळ्या विहिरीत पडायची, आणि पाण्याचा आवाज यायचा नाही.

बाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी आणखी एक हुकूम दाखवला. आजवर कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, याची सगळी हजेरी त्याने उघडते. "आणि त्याला असं शेपूट जोडलं की सेकंदसुद्धा दिसतात," असं म्हणून त्यांनी एक आडवी रेघ आणि एक अक्षर जोडलं.

पडदा भरून गेला. किड्याच्या नावाच्या ओळी, एकाखाली एक, वर्षभराच्या. भाऊजी पुढे झुकले. सवयीने त्यांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं. मी दिवस वाचून दाखवत होते, त्यांनी मला हाताने थांबवलं. आकडे त्यांना वाचता येत होते. ते बोट टेकवत खाली खाली गेले, आणि बोट मधेच तसंच राहिलं.

"बाई, ही वेळ कोण लिहितं? तुमचं हे यंत्रच?"

"हो. का?"

"तो रोज त्याच मिनिटाला येतो. मिनिट सोडा, त्याच सेकंदाला येतो."

"वक्तशीर आहे," मी म्हटलं. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं.

"वहिनी, मी जन्मभर वेळच बघत आलोय. कुणीही माणूस असा येत नाही. माणूस पाणी प्यायला थांबतो, चप्पल शोधतो. हा किडा नाही."

बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं, की असं होऊ शकतं. माणूस एखाद्या यंत्राला सांगून ठेवतो, रोज अमक्या वेळी तिकडे जाऊन ये. ते जात राहतं. वीज आहे तोवर जात राहतं.

"आणि सांगणारा माणूस नसला तरी?"

"यंत्राला ते कळत नाही, काका."

त्या रात्री वरून पावलांचा आवाजसुद्धा आला नाही.

मला वाटलं, आता ते सोडून देतील. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी पुन्हा खुर्चीत. "तो येतो ते कळलं. येऊन करतो काय, ते बघायचंय." बाईंनी एकाच अक्षराचा एक हुकूम दिलेला होता, आत असलेला माणूस या क्षणी काय करतोय ते दाखवणारा. मी तो लिहून तयार ठेवला. ठरल्या सेकंदाला भाऊजींनी माझ्या खांद्याला बोट लावलं आणि मी बटण दाबलं.

किड्याच्या नावापुढे त्या क्षणीचं काम लिहिलेलं होतं. तीच हजेरी तो उघडत होता, जी आम्ही आदल्या दिवशी उघडली होती. फक्त सगळ्यांची नाही. पुढे एकच नाव होतं, बाबा.

"तुमचं नाव आहे," मी म्हटलं. "तो येऊन बघतो, तुम्ही येऊन गेलात की नाही."

भाऊजींनी पडद्यावर नाव होतं तिथे बोट टेकवलं. ओळ तर केव्हाच पुसली गेली होती.

"म्हणजे मशीन बिघडतं ते सगळं खोटं," ते म्हणाले. "म्हातारा जिवंत आहे की नाही, ते बघण्यासाठी मला रोज बसवलं त्याने. आम्ही त्याला शोधतोय, आणि ते तिकडून येऊन मला शोधतंय."

दुपारच्या उजेडात ती खोली मला एकदम नकोशी झाली. टेबल, पलंग, भिंतीवरचा जुना शर्ट. सगळं तसंच होतं, आणि तरी कुणीतरी आत्ताच आपली मोजदाद करून गेलंय असं वाटत होतं.

"पण ते यंत्र बघून कुणाला सांगतं?" मी विचारलं.

"तेच कळायला पाहिजे." त्यांनी भिंग कपाळावर चढवलं. "वहिनी, माझ्या दुकानात माणूस केव्हा येतो? घड्याळ चालू असताना येतो का? चालू घड्याळाकडे कोण बघतंय! ते थांबलं की येतो. धावत येतो."

"म्हणजे?"

"मी थांबतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्यांना खूप बोलले. असलं सोंग करू नये, तोंडून तसं काढूही नये, पोर खरंच तिकडे असलं तर त्याच्या जिवाचं काय होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, तिकडे कुणी नसलं तर कुणाला काही होणार नाही. असलं तर येईल. मला दुसरं काही सुचत नाही. तुम्हाला सुचत असेल तर सांगा." मला सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी यंत्राला किल्ली दिली नाही.

यात एक अडचण होती, ती आम्हाला नंतर उमगली. पलीकडचं यंत्र येतंय का, हे बघायला आत जावं लागणार, आणि आत गेलं की हजेरीत भाऊजींचं नाव लागणार. म्हणजे आता आम्हाला काहीच बघता येणार नव्हतं. दुपारी आम्ही त्या खोलीत नुसते बसायचो, हात मांडीवर ठेवून. पडद्यावर रेघ लुकलुकायची, नाव विचारत. ठरल्या सेकंदाला टेबलाखालच्या खोक्यावरचा बारीक हिरवा दिवा दोनतीनदा फडफडायचा आणि शांत व्हायचा. येऊन, बघून, गेला. "आज नाही म्हणून सांगितलं असेल," भाऊजी पुटपुटायचे.

सोंग त्यांच्या अंगात भिनायला लागलं. खरं तर यंत्रापासून लांब राहिलं की पुरे होतं. पण त्यांनी खोलीचे पडदे ओढून घेतले. दुकान उघडेनात. घरातल्या घड्याळांना किल्ली देणं सोडलं, आणि ती आपापल्या सवडीने एकेक करत थांबली. बोलायचे ते कुजबुजत. जिन्यावर पाय न वाजवता चढायचे. एकदा मी ताट घेऊन वर गेले तर पलंगावर उताणे पडलेले, डोळे मिटलेले, हात छातीवर. मी हाक मारली. पुन्हा मारली. ताट खाली ठेवून नाकाशी बोट धरायला वाकले, तर डोळे उघडले.

"काय वहिनी, जमतंय का?"

"भाऊजी, तुम्हाला लाज वाटायला पाहिजे!"

"मेलेल्याला कसली लाज," ते म्हणाले आणि उठून जेवले. पण त्या दिवसापासून मी जिन्यातूनच हाक मारायला लागले. त्यांचं उत्तर आल्याशिवाय वरचं पाऊल टाकत नसे.

बेकरीवाल्याने विचारलं, "घड्याळवाले दिसत नाहीत?" मी काय सांगणार? "दिसत नाहीत, पण आहेत," एवढंच तोंडातून आलं. त्याने पाव जरा घाईनेच कागदात गुंडाळला.

मग ती दुपार आली. नेहमीसारखा दिवा फडफडला आणि विझला. आम्ही उठणार, तेवढ्यात पुन्हा फडफडला.

भाऊजींनी माझा हात दाबला.

थोड्या वेळाने पुन्हा. मग लगेच पुन्हा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग घाईघाईने, एकामागून एक. त्यात काही ताल नव्हता. कुणीतरी दाराशी येऊन उभं आहे, कडी हलवतं, परत जातं, जिन्यातून पुन्हा वर येतं, असं.

"हे यंत्र नाही," भाऊजी कुजबुजले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "वहिनी, आता माणूस आलाय."

"मग लिहा! नाव लिहा तुमचं. पोर घाबरलंय हो!"

"मी वर्षभर घाबरलो होतो."

"भाऊजी, मी लिहिते." मी हात पुढे केला. त्यांनी कळफलक उचलून उलटा केला आणि मांडीवर दाबून धरला. ऊन भिंतीवरून सरकून गेलं, खोलीत अंधारून आलं, तरी तो हिरवा दिवा मधूनमधून तडफडत होता. आम्ही दोघं त्याच्यापुढे श्वास रोखून बसलो होतो. हालचाल केली तर ऐकू जाईल, असं वाटत होतं.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, माझ्याकडे, खाली. मी रिसीव्हर उचलला. लांबची खरखर, आणि मग कुणीतरी घसा साफ केल्याचा आवाज.

"काकू."

भाऊजी जिन्यातून खाली आले होते, अनवाणी. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं. ते पुढे आले नाहीत. शेवटच्या पायरीवर खांबाला धरून उभे राहिले.

"बोल रे," मी म्हटलं.

"काकू, ते मशीन… वीज गेली होती का तिकडे?"

"वीज आहे."

"मग बिघडलंय का?"

"मशीन बरं आहे."

पलीकडून अगदी बारीक, शाळेतून मार खाऊन आल्यावर यायचा तसा आवाज. "मग बाबा?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मान हलवत होते. नाही. सांगू नका. हाताने खूण करत होते, येऊ दे. इकडे येऊ दे.

लहानपणी शाळेत आम्हाला शिकवलं होतं, खोटं बोलू नये. खरं कधी रोखून धरावं, ते कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "ये आणि बघ." आणि फोन ठेवला.

तो आला तेव्हा सरळ घरी आला नाही. बेकरीवाल्याकडे गेला आणि विचारलं, "बाबांचं कधी झालं?" बेकरीवाला म्हणाला, "काय झालं?" हे मला बेकरीवाल्याने नंतर सांगितलं. तो म्हणाला, पोराचा चेहरा बघून मलाच वाटलं की काहीतरी झालं असेल आणि मला कुणी कळवलं नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. मी त्याच्या मागोमाग वर गेले. भाऊजी त्याच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. पडदे अजून ओढलेले, उजेड एका फटीतून येत होता. प्रवासभर त्या पोराने बापाला रडून घेतलं होतं. दारात तो थबकला, आणि खुर्चीतला माणूस हलला तशी त्याने किंकाळी फोडली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. वर्षभर ज्याची वाट पाहिली, तो मुलगा बापाला बघून घाबरला. भाऊजींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी पाहिलं आहे.

"आहे मी," ते म्हणाले. "हात लावून बघ."

तो जवळ येईना. मग सगळं त्याने तिथेच, भिंतीशी बसून सांगितलं. जहाजाच्या इंजिनघरात आग लागली होती. एक सोबती गेला. तारा याने जोडल्या होत्या, चूक याचीच असं याला वाटलं. कंपनीने चौकशी करून ती मशीनमधल्या बिघाडावर ढकलली होती, पण याचं मन मानेना. बंदरात उतरला, एका गोदीत पडेल ते काम धरलं.

"फोन का नाही केलास?" मी विचारलं. "एक ओळ लिहायची होतीस. आम्ही रोज लिहीत होतो."

"ते मशीन वाचत नाही, काकू. ते फक्त बघतं." मग म्हणाला, "फोन केला असता तर तुम्ही विचारलं असतं, कसा आहेस. मशीन काही विचारत नाही. रोज दुपारी त्याच्यावर एक शब्द यायचा, 'आहेत'. तो बघून मी डबा उघडायचो."

"आणि 'नाहीत' आलं तेव्हा?"

तो रांगत पुढे आला, आणि शेवटी त्याने बापाचा उजवा हात धरला, मनगटाशी, दोन बोटं नाडीवर. भाऊजी म्हणाले, "चालू आहे की नाही?" त्याने मान हलवली, पण बोटं काढली नाहीत.

मी खाली येऊन स्वयंपाकाला लागले. ताटं वर नेली तेव्हाही दोघं तसेच बसलेले. भाऊजींनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. त्या दिवशी ते डाव्या हाताने जेवले.